बारा खाचांची पट्टी

चौक गावात कुणाचं पोट बिघडलं की माणूस आधी हरिभाऊ टिपणिसांकडे जायचा आणि मग डॉक्टरांकडे. तसे दोघंही एकाच दवाखान्यात बसायचे. डॉक्टर आतल्या खोलीत, हरिभाऊ बाहेर औषधं देण्याच्या खिडकीमागे. पाटी डॉक्टरांची, नाडी बघायचे तेही डॉक्टरच, पण मनातलं दुखणं लोक खिडकीशी वाकून सांगायचे. शौचाच्या तक्रारी तर हमखास तिथेच. एवढ्या शिकलेल्या माणसापुढे असलं कसं बोलायचं, असं लोकांना वाटे. कंपाउंडरपुढे कसली लाज?

चाळीस वर्षं अशी गाऱ्हाणी ऐकून हरिभाऊंनी गावातल्या पोटांची मनातल्या मनात वर्गवारी करून ठेवली होती. जुन्या हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांचं पोट वेगळं. ढाब्यावर तिखट रस्सा हाणायचा, वर तंबाखूचा बार भरायचा आणि गाडी थांबायला नको म्हणून जायचं टाळत राहायचं. त्यांचं पोट कायमचं तुंबलेलं. माथेरानच्या हॉटेलांत राबणाऱ्यांचं वेगळं. पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत यांच्या पोटात नुसता चहा, मग दुपारी चारला दोन घास. त्यांच्या छातीत जळायचं, पुढे जठरात व्रण व्हायचे. आणि लग्नसराईतलं पोट म्हणजे तीन दिवसांचं कौतुक, ते ताकावर बरं व्हायचं. "जळतं का टोचतं? जेवणाआधी का जेवणानंतर?" एवढे दोनच प्रश्न हरिभाऊ विचारायचे आणि मग आत डॉक्टरांना सांगायचे. डॉक्टर हसून मान डोलवायचे, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

त्यांची खरी कला होती ती पट्टीची. तेव्हा पातळ औषध घरून आणलेल्या बाटलीत देत. हरिभाऊ कागदाची अरुंद पट्टी दुमडायचे, कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडायचे आणि डिंक लावून बाटलीवर चिकटवायचे. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ते कळायचं. खाचा इतक्या सारख्या पडायच्या की कुणी फूटपट्टी लावून बघावी.

पण या कलेत एक खोड होती, आणि तीच या गोष्टीचं मूळ आहे. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी एका हडकुळ्या बाईला पोट साफ व्हायला जुलाबाचं औषध दिलं आणि ती संध्याकाळपर्यंत चक्कर येऊन पडली. तिला सलाईन लावावं लागलं. बाई वाचली, पण हरिभाऊंनी कानाला खडा लावला. त्यानंतर जुलाबाच्या औषधाला डॉक्टरांनी सहा डोस लिहिले की हरिभाऊ त्याच बाटलीला बारा खाचा पाडायचे. "डॉक्टरांचा डोस पुस्तकातल्या माणसाला. आपल्याकडच्या माणसाला अर्धा पुरतो," असं ते घरी बायकोला सांगायचे. चाळीस वर्षांत कुणी परत येऊन तक्रार केली नाही, म्हणून ही समजूत पक्की होत गेली.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टर वारले. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. हरिभाऊ घराच्या पडवीत खुर्ची टाकून बसायला लागले आणि लोक समोरच्या बाकावर यायला लागले. औषध ते देत नसत. ताक प्या, इसबगोल घ्या, जेवायची वेळ पाळा, एवढंच. मात्र तीन गोष्टींत ते कुणाचं ऐकत नसत. वजन आपोआप उतरलं, शौचातून रक्त गेलं, किंवा पन्नाशीनंतर पोटाची आयुष्यभराची सवय बदलली, की हात जोडून म्हणायचे, "हे माझं काम नव्हे. उद्याच्या उद्या पनवेल गाठा." एका वर्षात त्यांनी असे तिघं पनवेलच्या रुग्णालयात पाठवले होते. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो असायला हरकतही नव्हती.

मग दिवाळीनंतर एक दिवस त्यांना स्वतःलाच रक्त दिसलं.

आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, बीटची कोशिंबीर केली होती. हरिभाऊंनी बीटवर खापर फोडलं आणि निश्चिंत झाले. आठ दिवसांनी पुन्हा दिसलं, तेव्हा घरात बीट नव्हतं. तिशीत आपल्याला मूळव्याधीचा त्रास झाला होता हे त्यांना आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा त्यांनी ते शोधून काढलं. मूळव्याध उलटली, दुसरं काय? इसबगोल सुरू झालं, वांगं बंद झालं. कधी जायला व्हायचं नाही, कधी दिवसात चारदा व्हायचं. हातातलं घड्याळ मनगटावरून खाली घसरायला लागलं, तेव्हा त्यांनी पट्टा एक भोक आत घेतला आणि बाह्या लांब सोडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. समोरच्या बाकावर दुसरं कुणी बसून हे सांगत असतं, तर हरिभाऊंनी त्याला तिथूनच पनवेलच्या गाडीत बसवलं असतं.

जानेवारीत त्या बाकावर सुलेमान येऊन बसला.

सुलेमान आणि हरिभाऊ चौकच्या शाळेत एका बाकावरचे. सुलेमानचं लोधिवलीला, पनवेलच्या रस्त्याच्या कडेला गॅरेज. हात नेहमी काळे आणि तोंड नेहमी चालू. त्या दिवशी मात्र तो सारखा दाराकडे बघत होता. मालतीबाई चहा ठेवून आत गेल्या तेव्हा त्याने आवाज खाली केला.

"हरी, एक सांगतो, कुनाला बोलू नको. मला खालून रगत जातंय रं."

"कधीपासून?"

"म्हैना झाला आसंल. दुखत नाय, खुपत नाय. घरी नफिसाला पन नाय सांगितलं. ती घर डोक्यावर घेईल."

हरिभाऊंनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. जे बोलायचं ते तोंडावर आलं होतं. उद्याच्या उद्या पनवेल गाठ. चार शब्द. पण हे चार शब्द सुलेमानला सांगायचे तर त्यानंतर घरात जाऊन स्वतःचीही पिशवी भरायला लागली असती. ते सुलेमानच्या बोटांकडे बघत राहिले.

"मूळव्याध असेल," ते म्हणाले. "दिवसभर त्या लाकडी स्टुलावर बसतोस. इसबगोल घे, पाणी वाढव, तिखट कमी कर."

"येवढंच ना?"

"एवढंच."

सुलेमानचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आरं, मी आठ दिस झोपलो नाय. म्हटलं, हरीला इचारतो एकदा, मंग बगू." चहा संपवून, नेहमीसारखी वैनींच्या चहाची तारीफ करून तो गेला. हरिभाऊ त्याच्या स्कूटरचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत खुर्चीत बसून होते. आयुष्यात ते स्वतःला कधी इतके लबाड वाटले नव्हते.

मालतीबाई मूळच्या कर्जतच्या. शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. खोटं बोलणारं मूल त्यांना पाठीवरून ओळखू यायचं. फेब्रुवारी संपता संपता त्यांच्या लक्षात आलं, की ज्या माणसाने जन्मात हातरुमाल धुतला नाही तो रोज सकाळी स्वतःचे लेंगे धुऊन वाळत घालतोय. दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी दोरीवरचा ओला लेंगा हातात घेऊन त्या पडवीत आल्या.

"कधीपासून?"

"मूळव्याध आहे गं."

"कुणी सांगितलं?"

हरिभाऊंनी लेंगा घ्यायला हात पुढे केला.

"गेल्या वर्षी याच कारणासाठी तुम्ही तिघांना पनवेलला धाडलंत. त्यातल्या एकाला तर ओरडून धाडलंत. मी आत भाकऱ्या करत होते, मला सगळं ऐकू येत होतं." त्यांनी लेंगा पुन्हा दोरीवर टाकला. "उद्या आपण जातोय."

पनवेलच्या रुग्णालयात डॉक्टर प्रणिता म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि आतड्याची दुर्बीण करायची ठरवली. आतडं आतून स्वच्छ हवं, नाहीतर दुर्बिणीला काही दिसत नाही. त्यासाठी एक पूड दोन लिटर पाण्यात कालवून आदल्या संध्याकाळपासून आठ पेले करून सगळी प्यायची. वरण-भाताचं पाणी, सरबत यापलीकडे काही खायचं नाही. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. हरिभाऊंनी कागद घडी घालून खिशात ठेवला. जुलाबाचं औषध कसं घ्यायचं हे त्यांना कोण शिकवणार?

घरी त्यांनी दोन लिटर द्रावण बनवलं, एक लिटर प्यायले आणि उरलेलं मोरीत ओतलं. मालतीबाई तेव्हा शेजारी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर गुंगी उतरली तेव्हा डॉक्टर प्रणिता खाटेशी उभ्या होत्या. "काका, काहीच दिसलं नाही. आतडं साफ झालेलं नाही. औषध सगळं प्यायलात ना?"

हरिभाऊंनी छताकडे बघितलं, मग मालतीबाईंकडे. चाळीस वर्षांत त्या खिडकीमागे त्यांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

"अर्धं," ते म्हणाले. "आमच्याकडच्या माणसाला अर्धं पुरतं."

डॉक्टर प्रणितांना हसावं की रागवावं कळेना. "काका, पुरतं की नाही ते आज कॅमेऱ्यात दिसलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा या."

बायको तिथेच बोलली असती तर बरं, असं हरिभाऊंना वाटलं. मालतीबाईंनी बसमध्ये त्यांच्या खिशातला कागद काढून घेतला आणि दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात, तपासणीच्या आदल्या दिवशी चार वाजता, त्यांनी वहीतला एक कोरा कागद फाडला, लांब दुमडला आणि शिवणाच्या कात्रीने त्याला खाचा पाडल्या. दोन लिटरच्या बाटलीवर ती पट्टी भाताच्या शितांनी चिकटवली. खाचा वाकड्यातिकड्या होत्या, एक मोठी तर एक बारीक. पण बरोबर आठ होत्या. मग स्टीलचा पेला घेऊन त्या समोर बसल्या.

"एक खाच, एक पेला. मी इथून हलणार नाही."

"तुला कधी जमायला लागलं हे?"

"शाळा सुटल्यावर डबा घेऊन येत होते ना रोज दवाखान्यात. खिडकीत उभी राहून काय भिंत बघत होते?"

पाचव्या खाचेला हरिभाऊंना मळमळलं. त्यांनी पेला बाजूला ठेवला. मालतीबाईंनी त्यांचा हात धरला. "मला भीती वाटतेय हो. प्या." हरिभाऊ प्यायले. आठही खाचा संपवल्या.

या खेपेला सगळं लख्ख दिसलं. डाव्या बाजूच्या आतड्यात सुपारीएवढी गाठ होती. तिचा तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टर प्रणितांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं, आणि हरिभाऊंनी मान डोलवली, जसे त्यांचे जुने डॉक्टर डोलवायचे. काय आहे ते त्यांना कळून चुकलं होतं. स्वतःबद्दल भीती वाटली, भरपूर वाटली. ती भीती पार ओसरलीही नव्हती तोच परतीची बस लोधिवलीला आली आणि खिडकीतून सुलेमानचं गॅरेज दिसलं. तो एका जीपच्या बॉनेटमध्ये अर्धा शिरला होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. हरिभाऊंनी बोटांवर महिने मोजले. त्यांनी समोरच्या बाकाची दांडी धरली, उठायला लागले, आणि पुन्हा खाली बसले. त्या दिवशी ते उतरले नाहीत.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. कर्करोगच होता. डॉक्टर म्हणाल्या की वेळेत सापडल्यासारखा वाटतो, पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया करू. हरिभाऊंनी "बरं" म्हटलं. परतताना लोधिवली आली तेव्हा ते मालतीबाईंना म्हणाले, "तू घरी जा. मला इथे काम आहे." कसलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुलेमान स्टुलावर बसून कार्ब्युरेटर पुसत होता. "ये रं, ये. वाळलास की."

"रक्त थांबलं का तुझं?"

"कंदी येतं, कंदी नाय. इसबगोल घेतो की तुझं."

हरिभाऊ उभेच राहिले. बसले असते तर बोलता आलं नसतं. "सुलेमान, मला आतड्याचा कॅन्सर आहे. मलाही तसंच रक्त जात होतं. तू आलास तेव्हाही जात होतं."

सुलेमानचा हात थांबला.

"तवा तुला ठाव व्हतं?"

"ठाऊक नव्हतं. भीती होती."

"मंग मला का नाय सांगितलंस?"

"तुला जा म्हटलं असतं, तर मलाही जावं लागलं असतं. म्हणून मूळव्याध म्हणालो. तुझं पोट मी बघितलंच नाही सुलेमान, माझंच झाकलं."

रस्त्यावरून एक लांब ट्रेलर गेला. सुलेमान त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळून ठेवला.

"तू आता घरी जा, हरी."

पुढचे चार दिवस लोधिवलीहून काही निरोप आला नाही. हरिभाऊंनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. जेवण जाईना. मालतीबाईंना वाटलं शस्त्रक्रियेची धास्ती आहे. तेव्हा हरिभाऊंनी बायकोला सगळं सांगितलं. मालतीबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो येईल किंवा येणार नाही. आता ते तुमच्या हातात नाही." यात धीर थोडा होता, पण खरं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी पडवीशी स्कूटर थांबली. मागे त्याची बायको नफिसा बसली होती, चेहरा रडून सुजलेला. सुलेमानने पिशवीतून एक मोठी प्लास्टिकची बाटली काढून हरिभाऊंच्या पुढ्यात ठेवली.

"उद्या माजी दुर्बीन हाय. त्या पनवेलच्या बाईनं पूड दिली, आन् तुझं नाव सांगितल्यावर म्हनाली, त्यांचं ऐकू नका." त्याच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "पट्टी मार. तुझ्याबिगर मला हे कोन पाजनार?"

हरिभाऊंनी कागद दुमडला, कात्री घेतली. सुलेमान वाकून खाचा मोजत होता.

"आठच? वैनी सांगत व्हत्या, तू तर दुप्पट पाडतोस ना?"

"नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय तेवढाच. पुरा डोस."

"रोज्याला आमी पान्याचा थेंब घेत नाय," सुलेमान बाटलीकडे बघून म्हणाला, "आन् हितं उपाशी राहून वर पानीच पी, पानीच पी." नफिसा रडता रडता हसली. संध्याकाळी चौघं पडवीत बसले. खाच आली की हरिभाऊ पेला भरायचे आणि सुलेमान नाक दाबून प्यायचा.

दुसऱ्या दिवशी हरिभाऊ त्यांच्याबरोबर पनवेलला गेले. तीन दिवसांवर स्वतःची शस्त्रक्रिया, घरी पडून राहा असं सगळ्यांनी सांगितलं होतं. दाराबाहेरच्या बाकावर ते नफिसाशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टर प्रणिता बाहेर आल्या.

"आतडं अगदी स्वच्छ आहे. गाठबिठ काही नाही. मूळव्याध आहे, औषधाने बरी होईल."

नफिसाने दोन्ही हात वर केले. सुलेमान गुंगीतून उठून, नफिसाचा खांदा धरून बाहेर आला आणि हरिभाऊंसमोर उभा राहिला. "आयकलंस? तू सांगितलं व्हतं तेच निघालं. मूळव्याध."

आयुष्यभर आपलं निदान बरोबर ठरलं की हरिभाऊंची मान ताठ व्हायची. त्या दिवशी ते बाकावर वाकले आणि चारचौघांत, तोंड न झाकता रडले. सुलेमान त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

सोमवारी हरिभाऊंचं वीतभर आतडं काढून उरलेली दोन टोकं जोडली. रोग आतड्याच्या भिंतीतच होता, आसपासच्या ग्रंथींत पोहोचला नव्हता. आणखी सहा महिने लेंगे धुण्यात गेले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

आता ते पुन्हा पडवीत बसतात. घड्याळाचा पट्टा अजून एक भोक आतच आहे. संध्याकाळी गॅरेज बंद करून सुलेमान येतो आणि बाकाच्या टोकाला बसून चहा पितो. लोक येतात. परवा माथेरानच्या हॉटेलातला एक आचारी आला. इकडेतिकडे बघत, आवाज खाली करत त्याने तीच तक्रार सांगितली.

"मूळव्याधच आसंल ना, हरिभाऊ?" त्याने विचारलं.

"असेल," हरिभाऊ म्हणाले. त्यांनी बाकाच्या टोकाकडे बोट केलं. "याची होती. माझी नव्हती. मला दोन्ही सारख्याच दिसल्या होत्या." मग खिशातून डॉक्टर प्रणितांचा फोन नंबर लिहिलेला कागद काढून त्यांनी आचाऱ्याच्या हातात दिला. "उद्या जा. आणि औषध देतील ते सगळं पी."